ठकठक मिस्त्रींच्या सहलीचा शेवटचा दिवस

आमच्या ह्यांना सगळी वस्ती ठकठक मिस्त्री म्हणते. बेचाळीस वर्षं फरश्या बसवल्या माणसानं. काम संपलं की घरमालकाला शेजारी उभं करायचं आणि थापीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकत अख्खं घर पालथं घालायचं. भरीव आवाज आला की पुढं. पोकळ आला की संपलं, मालक ‘असू द्या हो’ म्हणाला तरी फरशी उखडायची आणि नव्यानं बसवायची. मी कितीदा म्हटलं, ‘अहो, सोफ्याखाली जाणार ती, कोण बघतंय?’ तर म्हणे, ‘सोफा काय जन्मभर एकाच जागी राहतो का?’ यावर बोलणार काय, कपाळ!

अशा माणसाला परदेश दाखवायचा म्हणजे गंमतच. मुलानं आम्हा दोघांना, सुनेला आणि नातीला घेऊन सहल काढली होती. आठ दिवस लोक माना वर करून घुमट बघत होते आणि हे मान खाली घालून जमीन. राजवाड्यात वाटाड्या राणीची गोष्ट रंगवून सांगत होता, तर हे कोपऱ्यात उकिडवे बसून दोन फरश्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवत होते. राणी गेली उडत. ‘अगं, नखसुद्धा अडकत नाही बघ,’ म्हणाले मला. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पण ही सहल बिनअटीची नव्हती. ह्यांना सदुसष्ट पुरी झाली, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परत आल्यावर बाबांनी काम कायमचं सोडायचं, असं मुलानं जाहीर केलं होतं. हे ‘बघू’ म्हणाले. ह्यांचा ‘बघू’ म्हणजे नकार, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं. मुलगा त्याला होकार समजून बसला.

आणि ह्यांना जे ठाऊक नव्हतं ते आता सांगते. निघायच्या आदल्या दिवशी मुलानं ह्यांचं सगळं सामान एका कंत्राटदाराला देऊन टाकलं. थाप्या, लेव्हलपट्टी, रबरी हातोडा, सगळं. हे तेव्हा केस कापायला गेले होते. पोत्याचं तोंड कुणी धरलं? मी. खोटं कशाला बोलू! रात्रभर गुडघा चोळत बसणारं माणूस बघून मलाही वाटलं होतं, पुरे आता. शेवटच्या दिवशी, सगळे खुशीत असताना सांगू, असं आम्हा मायलेकरांचं ठरलं होतं.

तो शेवटचा दिवस उजाडला. विमान संध्याकाळचं होतं. सकाळी नाश्ता करून आम्ही हॉटेलच्या जेवणघरातून बाहेर पडलो, तर समोरच्या बोळकांडीत दोन कारागीर नवी फरशी बसवत होते. एक तरणा, एक ह्यांच्याच वयाचा. झालं! हे थांबले. तरणा फरशीच्या पाठीवर चिकटवायच्या केमिकलचे पाच गोळे लावायचा, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, आणि फरशी टेकवून मोकळा व्हायचा.

‘मधे हवा राहणार,’ हे म्हणाले.

‘राहू दे. चला,’ मी दंड धरला.

कसलं काय! खाली वाकले आणि बोटाच्या पेरानं ठोकलं. ठक, ठक, आणि मग तो रिकाम्या डब्याचा आवाज. म्हाताऱ्या कारागिरानं मान वर केली. हसला. भाषा ना ह्यांना त्याची ठाऊक, ना त्याला ह्यांची, पण आवाज दोघांनाही कळला. तेवढ्यात कोटवाला देखरेखवाला आला आणि हात हलवून ह्यांना बाजूला व्हायला सांगू लागला. मुलगा धावत आला. ‘सॉरी, सॉरी,’ त्याला म्हणाला आणि मग ह्यांच्यावर घसरला.

‘बाबा, लोकांना शिकवणं बंद करा! संपलं तुमचं काम. सामानसुद्धा देऊन टाकलंय मी!’

बोलून गेला आणि स्वतःच चपापला.

ह्यांनी विचारलं, ‘कधी?’

‘निघायच्या आदल्या दिवशी.’

मग ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘मी पोतं धरलं होतं,’ मी म्हणाले. लपवून करायचं काय? त्या नजरेपुढं उभं राहणं मला जड गेलं, अगदी खरं सांगते.

ह्यांनी बूट काढले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या ऑपरेशनच्या गुडघ्यावरच बसले. म्हाताऱ्यापुढं हात केला. त्यानं एकदा कोटवाल्याकडं पाहिलं, एकदा ह्यांच्या बोटांकडं, आणि आपली थापी दिली. ह्यांनी ती पोकळ फरशी अलगद उचकटली, पाठ खरवडली, केमिकल सगळीकडं सारखं पसरलं, दातेरी पट्टीनं रेघा ओढल्या, फरशी टेकवली, दाबली, ठोकली. म्हाताऱ्यानं स्वतः वाजवून पाहिली. भरीव! त्यानं तरण्याच्या पाठीत असा धपाटा घातला की कोटवालासुद्धा हसला.

मुलगा मात्र हसला नाही. ‘गुडघा दुखेल तेव्हा कळेल,’ म्हणाला.

‘माझा गुडघा आहे. दुखू दे,’ हे म्हणाले आणि खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. माझ्याशी बोलणं बंद.

आता माझी पाळी. माझ्याकडं नातेवाइकांची यादी होती, कुणाला चॉकलेट, कुणाला अत्तर, कुणाला फ्रिजवर चिकटवायचं चित्र. भाषा बोलायला नातीला बरोबर घेतलं आणि बाजारात गेले. अत्तराच्या दुकानासमोर उभी राहिले आणि मनात म्हटलं, खड्ड्यात गेली यादी! ज्या माणसानं बेचाळीस वर्षं घर उभं ठेवलं त्याचे हात मी पोत्यात बांधून दिले, आणि चुलत जावेला अत्तर नेऊ? नातीला म्हटलं, ‘विचार, हत्यारांचं दुकान कुठंय.’

परत येऊन थापी आणि रबरी हातोडा ह्यांच्या उशाशी ठेवला. हे उठले. थापी हातात तोलली, दांडा तळव्यावर आपटून पाहिला.

‘जरा हलकी आहे.’

‘मग परत करू?’

‘मी म्हटलं का तसं?’

बोलले! माझा जीव भांड्यात पडला.

बॅग भरताना मुलगा आला. ‘आई, हे लोखंड कशाला? वजन जास्त होईल.’

‘मग तुझे नवे बूट काढ,’ मी म्हणाले. ‘आणि ऐक. सामान दिलं ती चूक माझीही होती. मी ती कबूल केली, आता तू कर. त्यांनी काम कधी थांबवायचं ते त्यांचा गुडघा ठरवेल. तू नाही, मीही नाही.’

सुनेनं गुपचूप त्याचे बूट बॅगेतून काढले. शहाणी आहे पोर.

विमानतळावर बॅगा गेल्या आणि आम्ही बाकावर बसलो. मुलगा बराच वेळ फोनकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, ‘बाबा, लोक मला विचारतात हो, एवढा कमावतोस आणि बाप अजून गुडघे टेकतो? मला लाज वाटते.’

‘माझी?’

त्यानं फोन खिशात घातला.

‘तुझ्या नव्या घराच्या बैठकीत अकरा फरश्या पोकळ आहेत,’ हे म्हणाले. ‘खिडकीखाली चार, दारापाशी सात. वास्तूच्या दिवशी नुसता चाललो तरी कळलं. तू मला सांगितलं नाहीस, परक्या माणसाकडून काम करून घेतलंस, म्हणून मी तोंड उघडलं नाही.’

मुलाची मान खाली गेली. ‘तेव्हाच बोलायचं ना, बाबा.’

‘आता बोलतोय. सोमवारी येतो.’

‘सोमवारी मला ऑफिस आहे.’

‘तुझं काय काम तिथं?’ ह्यांनी हात पुढं केला. ‘किल्ली दे.’