हनुवटीवरचे तीन ठिपके

सुरतेत रिंग रोडवरच्या कापड मार्केटात, साड्या परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात, मी समोरच्या टेबलावर बसायचे. आलेल्याला बसवायचं, पाणी मागवायचं, फोन उचलायचा आणि गोड बोलायचं, एवढंच काम. पण त्या खुर्चीत मी जेवढी घाबरले तेवढी पुढे बाळंतपणातही घाबरले नाही.

भीती होती माझ्याच हनुवटीची. मी लहान असताना खानदेशातल्या आमच्या गावी गोंदणारीण आली होती. आईनं माझे हात दाबून धरले, काकूनं डोकं धरलं, आणि माझ्या ओठाखाली तीन हिरवे ठिपके उमटले. वर एक, खाली दोन. मी गाव गोळा होईल एवढी रडले आणि मग गुळाचा खडा चघळत गप्प बसले. पुढे वडिलांना पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये काम लागलं आणि आमचं बिऱ्हाड सुरतेला आलं. चाळीत त्या ठिपक्यांचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण अर्ध्या बायकांच्या तोंडावर तेच नक्षीकाम होतं. कॉलेजातल्या मुली मात्र आधी हनुवटीकडे बघायच्या आणि मग माझ्याशी गुजराती सोडून हिंदीत बोलायच्या. मी कुठली ते त्यांना न सांगता कळायचं.

म्हणून मुलाखतीला जाताना मी शेजारच्या वहिनीकडून पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याला थापायचा मेकअप, मागून आणलं आणि हनुवटी लिंपून काढली. शेठनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. म्हणाले, "तमारो चहेरो ए ज आपणी कंपनी." तुमचा चेहरा तीच आपली कंपनी. नोकरी मिळाली आणि मी आपल्या पायानं जाळ्यात शिरले. कारण आता कंपनीच्या चेहऱ्यावर ठिपके नव्हते, आणि ते एकाएकी उगवले असते तर काय सांगणार होते?

नोकरी गेली तर काय, हे वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "नौकरी शे तोवर शे. गयी का आखाजीले लगीन." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. स्थळही तयार होतं, आमच्याच गावाकडचं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या घरी जाऊन मी परत कधी फोन उचलणार नव्हते, हे मला लख्ख दिसत होतं.

मग रोजची कसरत सुरू झाली. घरी पॅनकेक लावायची सोय नव्हती, चाळीनं 'मॅडम आल्या' म्हणून जीव नकोसा केला असता. शटल रिक्षातून उतरले की मार्केटच्या जिन्यात, पानाच्या पिचकाऱ्या चुकवत, हातातल्या आरशात बघून घाईघाईनं काम उरकायचं. जिन्यात पावलं वाजली की डबी मुठीत झाकायची. ऑफिसात गरम चहा प्यायचा नाही, वाफेनं ओघळ येतो. घाम आला तर तोंड पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. लाइट गेली, पंखे थांबले की मी फाइल शोधण्याच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. पार्टीचे लोक, म्हणजे गिऱ्हाइकं, म्हणायचे, बाई भारी कामाची आहे.

शेठच्या केबिनमध्ये त्यांच्या आईचा हार घातलेला फोटो होता. सौराष्ट्रातल्या खेड्यातली बाई, डोक्यावरून पदर, चेहरा मात्र सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत. शेठ रोज तिला अगरबत्ती ओवाळायचे. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. तिला घाम येणार नव्हता.

शतक संपत आलं होतं. वेबसाइट नसेल तर परदेशातली पार्टी विश्वास ठेवत नाही, असं शेठना कुणीतरी सांगितलं. झालं, सगळ्यांचे फोटो काढायचे ठरले आणि सगळ्यात मोठा माझा. स्टुडिओतल्या दिव्यांखाली बसले तेव्हाच हनुवटीवर काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले. दात दिसले असतील, पण हात हनुवटीकडे जाऊ दिला नाही.

काही दिवसांनी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. कॉम्प्युटरवाला बसला होता आणि पडद्यावर मी होते, एवढी मोठी की बघवेना. ओठाखाली तीन हिरवे ठिपके, आरशात कधी दिसले नव्हते इतके स्पष्ट.

"दाग है, निकाल देता हूं," कॉम्प्युटरवाला सहज म्हणाला आणि त्यानं माउस फिरवला. खालचा एक गेला. दुसरा गेला. वरचा एकटा राहिला.

"ऊभो रे," शेठनी त्याला थांबवलं. त्यांनी त्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या लिंपलेल्या हनुवटीकडे बघितलं. "राखवुं छे के काढी नाखवुं?"

ठेवायचा की काढायचा? आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आखाजी उभी राहिली, ते स्थळ उभं राहिलं. मी म्हणाले, "काढी नाखो."

शेठनी मान हलवली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाले, "में पण एम ज कह्युं हतुं." मीही असंच म्हणालो होतो. त्यांच्या आईलाही छूंदणां होती, म्हणजे गोंदण. सुरतेत धंदा लावला तेव्हा तिचा फोटो मोठा करून लावायचा होता. गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून फोटोवाल्याकडून सगळं पुसून घेतलं. "हवे याद करुं छुं तो याद नथी आवतुं, क्यां हतां." आता आठवू म्हटलं तरी आठवत नाही, कुठे होती ती. एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं आणि कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली. तिसराही गेला.

माझी नोकरी वाचली होती. पण जिना उतरताना वाटत होती ती भीती नेहमीची नव्हती. आतापर्यंत मी ठिपके दिसतील म्हणून घाबरत होते, आता ते कुठे होते हेच विसरेन म्हणून.

कागदावर छापलेला फोटो मी घरी नेला. आईनं तो दिव्याखाली धरला.

"हाई कोन शे?"

"मी शे, माय."

तिनं कागदावरच्या हनुवटीवर अंगठा घासला. पावडर असेल, निघेल, असं तिला वाटलं असावं. काही निघालं नाही. मग ती उठली, काजळाची डबी आणि काडी घेऊन आली, आणि माझ्याकडे एकदाही न बघता कागदावर तीन ठिपके दिले. वर एक, खाली दोन, अगदी जागच्या जागी. "आठे, आठे आन आठे," इथे, इथे आणि इथे, असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी पॅनकेकची डबी उघडली. लावण्याआधी तिन्ही ठिपक्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग लिंपून घेतलं आणि वर गेले, फोन वाजत होता.