रॅकमागची जागा

१३ एप्रिल. गिटारच्या रॅकला फूट कंट्रोलर, म्हणजे पायानं दाबायच्या बटणांचा बोर्ड, जोडायचा होता आणि तो आजच जोडायला हवा होता. उद्या जयंती, संध्याकाळी शेलूबाजारजवळच्या एका गावात आमच्या गायनपार्टीचा कार्यक्रम.

रॅक म्हणजे लाकडी पेटीत एकावर एक बसवलेली यंत्रं. नवऱ्याच्या गिटारचा आवाज तिथं बदलतो: कडव्याला साधा, मधल्या तुकड्याला घुमणारा, जोशाच्या गाण्याला फाटका. त्याचे दोन्ही हात गिटारवर असतात, म्हणून बटणं फिरवायचं काम लग्नानंतर लवकरच माझ्याकडं आलं. रॅकचं तोंड स्टेजच्या मागच्या पडद्याकडं आणि मधल्या बोळात मी. मांडी घालता येत नाही. उठायचं तर वायरी ओलांडत सगळ्या लोकांसमोरून जावं लागतं. त्यामुळं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या चहानंतर मी पाणी बंद करते, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. पांढरी साडीही नेसत नाही, कारण त्या धुळीत ती टिकत नाही. समोर पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसलेल्या असतात. त्यांचं हसणं मला ऐकू येतं, दिसत कोणीच नाही.

बोर्ड चालला तर ही जागा सुटणार होती. अकोल्याच्या एका वादकाकडून तो जुना बोर्ड मी एवढ्यासाठीच आणला होता.

बोर्डाचा इशारा रॅकला पोचवणारी मिडीची केबल जोडली, दोन्हीकडं एकच चॅनल लावला. पहिलं बटण दाबलं तर दुसरा आवाज लागला. दुसरं दाबलं, तिसरा. उगाच केबली बदलत बसले. मग मोबाइलवर वाचलं तेव्हा कळलं, बोर्ड शून्यापासून मोजतो आणि रॅक एकापासून. आकडे एकेकानं मागं घेतले आणि जमलं. जयंतीच्या स्टेजवर चपला काढून चढतात, म्हणून अनवाणी पायाला कळावं असा सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा मधल्या बटणावर चिकटवला आणि नवऱ्याला बोलावलं.

त्यानं पायाच्या अंगठ्यानं बटण दाबलं. आवाज बरोबर बदलला. लगेच तो गिटारसकट वाकला, बोर्डला हात लावून तो कपाळाला लावला. तोवर गाण्यातला तुकडा निघून गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गिटारची मान पलंगावर आपटली.

"वाद्याले पाय लावनं मले जमत नाही," तो म्हणाला.

हे वाद्य नाही, घरातल्या दिव्याच्या बटणासारखं बटण आहे, असं मी सांगितलं. दिव्यातून गाणं निघत नाही, असं त्याचं म्हणणं.

"तुमचे बाबा पायपेटी वाजवत," मी म्हटलं. "पाय काय खुंटीले टांगून ठेवत होते?"

तो हसला. खूप दिवसांनी हसला असेल. मग सरळ उभा राहून अख्खं गाणं वाजवलं, एकदाही न वाकता, एकदाही न चुकता. मी पकड, पेचकस डब्यात भरायला घेतले.

"जमलं व," तो म्हणाला. "पन तू मांगं बसजो."

"आता कायले?"

"काई करू नको. फकस्त बस. तू मांगं असली का मले धीर राह्यते."

त्यानं ते गोड बोलून सांगितलं, हीच अडचण. रागानं सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला त्या बोळात बटणांनी बसवलंय. बटणं तर आता त्याच्या पायाखाली होती आणि बोळ तसाच होता. मी भाकरी टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारातल्या वंदनेहून आल्यावर रॅकचं पुढचं, बटणांवरचं झाकण शोधलं. कधी लावलंच नव्हतं, पलंगाखाली पडून होतं. मागची बाजू हवेसाठी उघडी ठेवली आणि पुढून झाकण बसवून चारही स्क्रू आवळले. गाडीत सामान चढवणाऱ्यांना सांगितलं, आज रॅक पडद्याला अगदी टेकवून ठेवा, मधे माणूस बसायचा नाही. नवरा दारात उभा राहून ऐकत होता.

मी पांढऱ्या साडीला इस्त्री केली. चहा घेतला आणि त्यावर तांब्याभर पाणी प्यायले.