कुसुमचा रामटेकचा कडा

अन्याय कुसुमवर झाला. पोळ्याच्या आदल्या रविवारी, दुपारी, आमच्या मंडळाच्या बैठकीत, ती चहा सांगायला खाली उतरली तेवढ्यात. हात वर झाले आणि रामटेकची सहल पुन्हा पुढे ढकलली गेली. मी त्या दिवशी कामठीत पत्रकं वाटत होते. सहल मग झालीच नाही. दसऱ्यानंतर कुसुम गेली... हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती म्हणे. वय चोवीस.

आमच्या प्रत्येक पत्रकाची स्टेन्सिल ती कापायची. आमच्या चुका सुधारायची आणि वर टोमणाही मारायची. गडाच्या मागच्या कड्यावरून खिंडसीचा तलाव दिसतो, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा एकच ध्यास. सकाळची पहिली एसटी, अंबाळा तलावाकडून पायऱ्या, वाटेत बसत बसत वर. "सांभारवडी मी करतो, कांदे तुम्ही आणा, अन् वर भाषण कोणी द्यायचं नाही!" आमच्या पोरांनी त्यावरही चर्चा केली. नुसती सहल म्हणायचं की अभ्याससहल, यात एक अख्खी बैठक गेली. मग कधी मोर्चा आला, कधी चिखल. "काहून वं," ती मला म्हणाली, "डोंगर संपावर गेला काय?" मी हसले. चिखलाचं कारण मला खरंच वाटत होतं.

तेरवीला आमचा अध्यक्ष विनायक बोलून गेला. कुसुमच्या आईनेच मंडळात येऊन हात जोडले होते, पोरीला कळू न देता सहल टाळा म्हणून. मी तशीच स्वयंपाकघरात तिच्या आईकडे गेले.

"काकू, तिला विचारलं होतं तुम्ही?"

"विचारलं असतं तं ती जातो म्हटली असती. म्हणूनच नाही विचारलं."

"पण जीव तिचा होता!"

"हो ना. डॉक्टर चढू नको म्हणाला, तवा ती माह्या बाजूलेच बसून होती. सारं ठाऊक होतं तिले." काकूंनी डोळे पुसले नाहीत. "अन् वर काही झालं असतं, तं तूच माह्या नावानं पत्रक काढलं असतं ना वं?"

काढलं असतं. मोठ्या अक्षरात.

तेव्हापासून मला काही समजत नाही. म्हणजे ते बसत बसत चढणं तिने जाणूनच ठरवलं होतं? आम्ही तिला दोन महिने जास्त दिले, की तिचा एक दिवस घेतला? कुणाविरुद्ध घोषणा द्यायची... त्या माउलीविरुद्ध? वर झालेल्या हातांविरुद्ध? रोज वेगळं उत्तर येतं, आणि रोज ते खोटं वाटतं.

तुमची हळहळ मला नको. तुमच्या घरात कुणाच्या भल्यासाठी त्याच्या पाठीमागे काही ठरलं असेल, तर आज जेवायला बसण्याआधी त्याला ते तोंडावर सांगा. तो चिडेल, चिडू द्या. मग त्याला काय हवं ते विचारा. आणि तो जातो म्हणाला, तर बॅग उचला आणि त्याच्याबरोबर चढा.