एक्सच्या जागी कोण बसलंय?

"एक्सच्या जागी कोण बसलंय?" असं विचारत गणिताचे सर खिशातला चुरगळलेला रुमाल पहिल्या बाकावर टाकायचे आणि नववीचा वर्ग हसायला लागायचा.

धसईच्या स्टँडवर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर वेगळं सांगायला नको. मुरबाडची एसटी आली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. सर म्हणायचे, "एक्स म्हणजे हा रुमाल रे. माणूस आला की रुमाल उचलायचा, माणूस बसवायचा."

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. गणिताला जन्मभर भ्यायलेला माणूस. तरी तास नसला की त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभा राहायचो.

एकदा फळ्यावर ३x होतं, आणि x म्हणजे y + २. एका मुलीने उत्तर लिहिलं, ३y + २. सर रागावले नाहीत. "तीन रुमाल होते. तीन बाया आल्या, प्रत्येकीबरोबर दोन लेकरं. तू बाया तिन्ही बसवल्यास, लेकरं मात्र एकीचीच? बाकीची चार स्टँडवर रडतायत गो!"

मुलगी लाजली. तिने उत्तर पुसलं, कंस घातला, आणि सहाही लेकरं आत घेतली.

ती गावकुसाबाहेरच्या वाडीतली. दहावीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर आईबाप कल्याणपलीकडच्या वीटभट्टीवर निघाले, आणि तिलाही न्यायचं ठरलं. सर वाडीवर गेले. मी सोबत होतो. बाप खाली बघत बोलला, "मास्तर, आमच्या दोघांच्या हातांनी भागत नाय. तिला नेयालाच लागल."



मग दर रविवारी ते तिला शिकवायला भट्टीवर जाऊ लागले. मुरबाडपर्यंत एसटी, पुढे जीप. गुडघे इतके दुखायचे की एसटीच्या पायरीवर मागून कुणीतरी आधार द्यावा लागायचा. मी म्हणालो, "सर, एवढी ओढाताण कशाला? पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला."

"पुढल्या वर्षी ती कुठं असेल, सांगा तुमी."



मार्चमध्ये ती परीक्षेला आली आणि पास झाली. मराठीपेक्षा गणितात तिला जास्त गुण होते. सरांनी गुणपत्रिका माझ्यापुढे धरली. "तुमचा विषय जरा कच्चा राहिला हां!"

गेल्या पावसाळ्यात सर गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

दहाव्याला ती मुलगी आली. आता ती मुरबाडच्या कॉलेजात आहे. सोबत बाप होता. लोक पांगेपर्यंत तो दाराशी उकिडवा बसून राहिला. मग माझ्याजवळ आला.

"मास्तर शिकवायचे तवर पोरीच्या वाटच्या इटा मी वाहायचो. कोनाला कळू नाय दिला. मास्तरांना सांगायचा होता."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.