बारक्याची पेटी

आधीच सांगते, घरात कुणी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेतल्या की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. भूतबित, संकेतबिंकेत... आपल्याला नाही पटत बुवा! त्यामुळे हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसले असते.

मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करते. हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं, म्हणून इथं सुतारकाम शिकले, आणि भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये मोठ्या सापांसाठी प्लायवूडच्या पेट्या बनवायला लागले. हो, पाळीव सापांसाठी! इथं अजगर आणि अजगरासारखेच बिनविषारी बोआ पाळणारे पुष्कळ आहेत आणि एवढ्या जनावराला दुकानातली काचेची टाकी पुरत नाही. मदतीला हाउसमेट कौस्तुभ. नागपूरचा, मला ज्युनियर, सारखं आपलं 'ताई, ताई'. मी मापं घेऊन कापायचे, तो पॉलिश पेपर मारायचा. आमचा एकच कडक नियम होता : आतून व्हार्निश लावलं की वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडायचा नाही. त्या वासानं साप आजारी पडतो. मी पेटीत डोकं घालून खोल श्वास घ्यायचे. डोळे चुरचुरले, तर अजून थांबायचं.

सगळ्यात देखणी पेटी अर्थातच माझ्या बारक्याची. बारक्या म्हणजे माझा बोआ. नावावर जाऊ नका, चांगला सात फुटी! समोर सरकती काच, आत त्याला बसायला रुंद फळी, वर उबेला हीटर. लॅबमधून वैतागून आले की तो माझ्या खांद्यावरून उतरायचा नाही. या परक्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

मागच्या उन्हाळ्यात आईचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी सांगलीला गेले. बारक्या कौस्तुभवर सोपवला. "ताई, बिनधास्त जा यार. जिवापाड सांभाळतो त्याला," म्हणाला.

परत यायच्या थोडे दिवस आधी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. चेहरा उतरलेला. "ताई, एक सांगायचं होतं..." एवढं म्हणून त्यानं कॅमेरा पेटीकडे वळवला.

"अगंबाई, कसा ऐटीत बसलाय फळीवर!" मी ओरडलेच. बारक्या वेटोळं घालून बसला होता आणि काचेतून थेट माझ्याकडे बघत होता. शेजारी आई होती. तिनं पदर तोंडाला लावला. "शी! बंद कर ते आधी."

कौस्तुभ म्हणाला, "हं... मजेत आहे."

"तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही गं. ये तू."

परतले ती बॅग दारात टाकून तडक बेसमेंटमध्ये. पेटी रिकामी! काच सरकवली, सवयीनं डोकं आत घातलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. ताजं व्हार्निश... साप आत असताना? मागे वळले तर कौस्तुभ जिन्यात उभा.

"बारक्या कुठाय?"

मग एकेक बाहेर आलं. त्याचं लग्न जमत होतं. मुलीकडचे व्हिडिओ कॉलवर घर बघणार होते. साप दिसला तर स्थळ मोडेल, म्हणून मी गेले त्याच आठवड्यात यानं बारक्याला ऑनलाइन ग्रुपवरच्या कुणा माणसाला देऊन टाकलं — पार्किंग लॉटमध्ये, एखादं जुनं टेबल द्यावं तसं! मग पेटीही कुणाला तरी देऊ म्हणून आतून नवा हात मारला. "तुला कॉल केला ना, त्याच सकाळी. ओलंच होतं तेव्हा."

"खोटं बोलू नकोस. मी पाहिलाय त्याला त्या पेटीत."

"आईशप्पथ ताई, पेटी रिकामी होती. मी कबूल करायलाच फोन केला होता. तूच म्हणालीस दिसतोय... मला वाटलं, चला, सुटलो. तेव्हा त्या माणसाचा फोन लागत होता गं. आता बंदच येतोय."

"मला सांगितलं असतंस तर मी घर बदललं असतं रे, नालायका!"

राग आवरेना. तरी मोबाइलचा टॉर्च लावून फळी बघितली. व्हार्निश सगळीकडे गुळगुळीत, फक्त मधोमध वेटोळ्याचा ठसा. पोटावरच्या रुंद खवल्यांच्या आडव्या रेघा, वाळून घट्ट झालेल्या. कौस्तुभनं वाकून पाहिलं आणि तो मागे न बघता जिना चढून गेला. नंतर तो घर सोडून गेला. मी त्याला थांबवलं नाही.

ग्रुपवर विचारलं, प्राण्यांच्या शेल्टर्सना फोन केले. बारक्याचा पत्ता नाही. आई अजून म्हणते, "होता गं तो. मी बघितला ना!" फळीवर पॉलिश पेपर मारायला माझा हात धजत नाही.

कौस्तुभनं का फसवलं ते निदान कळतं, त्याला लग्न करायचं होतं. पण बारक्या, तू का रे? मला हाक मारायची होती, तर ती पेटी रिकामी दिसू द्यायची होतीस ना. त्याच दिवशी त्या माणसाला गाठलं असतं मी. तू दिसलास... आणि मी हसत हसत फोन ठेवला.