दुखवट्यात बंद केलेला ब्लोअर

बायको गेली त्या दिवशी आमच्या सांडपाण्याच्या प्लांटवरची सगळी माणसं स्मशानात आली. साहेबसुद्धा. येताना त्यांनी ब्लोअर बंद केला आणि प्लांटला कुलूप घातलं. कोणी गेलं की शेजारचे दुकानदार शटर ओढतात, तसं. मला मान दिला. मला हे कळलं तिसऱ्या दिवशी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. गावाच्या गटारांचं पाणी आमच्या टाकीत येतं. टाकीत गाळ असतो आणि तो जिवंत असतो. डोळ्याला न दिसणारे जीव घाण खातात, मग पाणी निवळतं. त्यांना हवा लागते, ती ब्लोअर खालून फुंकतो. हवा थांबली की ते गुदमरतात. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं कळतं.

राख सावडून घरी आलो तर प्लांटवरचा यूपीवाला दारात उभा.

"चाचा, टंकी काली पड़ गई। बहुत बदबू मार रही है।"

"ब्लोअर?"

"बंद है। साहब बोले, चाची का मातम है, तीन दिन रहने दो।"

मी चपला घातल्या. मेव्हणा आडवा आला.

"भावजी, सुतक हाय. दहावं होईपर्यंत कामावर जायचं नाय. लोक काय बोलतील?"

"लोकांचंच पाणी हाय ते. तुजी बहीण असती तर तिनंच हाकललं असतं मला."

खोटं नव्हतं ते. संध्याकाळी ती माझा सदरा नाकाला लावायची आणि सांगायची, "आज बरी हाय तुमची टाकी." चांगल्या गाळाला ओल्या मातीसारखा वास येतो. बिघडला की सडक्या अंड्याचा. तिला साहेबांच्या आधी कळायचं. आणि तिच्याच नावानं ती टाकी मारून ठेवली होती!

प्लांटवर गेलो तर टाकीवर काळी साय. तेच पाणी नाल्यात चाललेलं, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला भाजीचे मळे. साहेब तरुण, नाकाला रुमाल लावून उभे.

"काका, तुम्ही कशाला आलात? ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आणून ठेवल्यात. ओतली की वास जाईल."

"वास जाईल आणि उरलेसुरले जीवबी जातील. मग टाकी परत उभी करायला महिने लागतील."

"तुम्ही दुःखात आहात."

"दुःखात हाय. खुळा नाय झालो."

साहेबांनी गडी बोलावले. मी काय केलं, ब्लीचिंगच्या गोण्यांवर जाऊन बसलो. म्हटलं, उचला मला. गडी जागच्या जागी थबकले. तिसरा दिवस, ताजं सुतक, मला शिवणार कोण? साहेब शिकलेले, पण हातात लाल दोरा, गळ्यात ताईत. पुढं आले, हात मागं घेतला.

"काका, उठा ना."

"ब्लोअर चालू करा, उठतो."

दुपारपर्यंत बसलो. उन्हात घेरी आली, तरी उठलो नाही. शेवटी आत जाऊन साहेबांनीच बटण दाबलं. टाकीत बुडबुडे उठले तेव्हा मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

मग मी रोज गेलो. तबेल्यातलं शेण आणि गूळ पाण्यात कालवून टाकीत ओतायचो. उपाशी जिवांना उभं करायचं तर असंच करतात. यूपीवाला म्हणाला, "चाचा, अपने लिए भी थोड़ा गुड़ रखो, सूख गए हो।" त्याला शिवी दिली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

दहाव्याला घाटावर सकाळीच जायचं होतं. आधी प्लांटवर गेलो, टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवलं. गाळ खाली बसतो का, हे बघायला अर्धा तास लागतो. पूर्ण अर्धा तास थांबलो. तपकिरी गाळ बसला, वर पाणी नितळ. नाकाला लावलं, ओली माती.

घाटावर पोचायला उशीर झाला, भटजी चिडले. मेव्हण्यानं तोंड फिरवलं. "आजच्या दिवशी तरी?" एवढंच बोलला.

मी कोणाची माफी मागितली नाही. न्हाव्यापुढं डोकं वाकवून बसलो.