रेखाच्या पासवरची एक सीट

"महिनाअखेर माझा पास बंद होणार, वैनी. चल, विमानानं मुंबई बघून येऊ," धाकटी नणंद रेखा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. मी त्याच दिवशी शाळेत रजा टाकली.

रेखा आठ वर्षं चिकलठाणा विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीच्या काउंटरवर आहे. आठ वर्षं मी तिच्यावर जळतेय. तिचा तो निळा स्कार्फ, गल्लीतल्या बायकांचं कौतुक आणि सासूबाईंचं पालुपद, "आमची रेखा इमानातच असती!" मी मात्र शाळेसाठी रोज हर्सूल ते वाळूज, बसमध्ये उभी.

आता कंपनीचे दिवस फिरले. इंधन महागलं, भाड्याची विमानं मालकांनी परत नेली, इथून तीनपैकी एकच फेरी उरली. काउंटरवरच्या निम्म्या लोकांना नोटीस मिळाली, त्यात रेखाही. वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्याआधी मनात पास आला.

जाणाऱ्यांसाठी सांगते: हर्सूलहून विमानतळापर्यंत रिक्षावाला अडीचशे म्हणाला, दोनशेत आला. चहा बाहेर जालना रोडवरच्या टपरीवर प्या, आतला परवडत नाही. आणि स्टाफ पास म्हणजे कर्मचाऱ्याला आणि घरच्या माणसाला भाडं जवळपास माफ, पण जागा उरली तरच. काउंटर बंद होईपर्यंत बाकावर बसून राहायचं. जागा उरणं आधीच अवघड, फेऱ्या घटल्यापासून तर विमानं भरूनच जातात.

आम्ही बसून राहिलो. शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, एकच सीट हाय." नियमानं ती रेखाची होती.

"वैनी, तू जा. मी बसनं येते, सकाळी दादरला भेटू."

"अगं, नको," मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं, ही भीती.

मुंबईला जाताना डावीकडची खिडकी मागा. नाथसागराचं पाणी संध्याकाळच्या उन्हात पितळी परातीसारखं दिसतं. दार बंद होण्याआधी मी खिडकीतला माझा फोटो रेखाला पाठवला होता. मुद्दाम.

रात्र मी दादरला लॉजवर काढली. सकाळी रेखा बसमधून उतरली तेव्हा तिचे डोळे तांबारलेले होते. वडापाव खाल्ला, गेटवे पाहिलं, चौपाटीवर पाय भिजवले. परत येताना रेल्वेत मनमाड गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "वैनी, उडताना कानात दडे बसतात म्हणतात, खरंय का?"

मी तिच्याकडं वळले. "तुला नाय माहीत?"

"कधी सीटच उरली नाय. ट्रेनिंगलाबी बसनंच जायचे. आईला वाटायचं इमानानं, तर म्हटलं वाटू दे."

आता महिना संपला की तिला पास नाही, नोकरीही नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. घर येईपर्यंत तिनं एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं.

घरी शेजारच्या बायका जमल्याच होत्या. "कसं वाटतं गं इमानात?" सासूबाईंनी मला विचारलं. मला तोंड उघडायची घाई झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा सांगण्यासारखं काहीतरी माझ्याकडं होतं. पण रेखाच सुरू झाली. पोटात कसा गोळा येतो, ढग खाली कसे राहतात, सगळं माझंच, आणि माझ्यापेक्षा फार छान. बायका तिच्याकडंच बघत होत्या. जीव जळला, अगदी पहिल्यासारखा.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"व्हय," मी म्हटलं, "रेखा सांगते तसंच असतं."